शुद्धिपत्रक

आबा जुळारी होते, पापाच्या तिकटीजवळच्या छापखान्यात.
खिळे उलटे असायचे, आबा सरळ वाचायचे,
आणि घरी आल्यावर पंचांगसुद्धा
हातभर लांब धरून, चूक शोधत.

एकदा कुस्त्यांच्या जंगी मैदानाचं पोस्टर होतं.
'अजिंक्य मल्ल' मधला अ खणातच राहिला
आणि गावभर भिंतींना 'जिंक्य मल्ल' चिकटला.
पैलवान आला, दार भरून उभा राहिला,
म्हणाला, "जुळारी, माझा अ कुठाय?"
आबांनी खणातून काढून त्याच्या तळव्यावर ठेवला.
तो हसला.
रविवारी हरला मात्र,
आणि ती हार आबांनी मरेपर्यंत
आपल्या खात्यावर मांडली.

मी हिवताप कार्यालयात काचपट्ट्या वाचते.
शिरोलीच्या फाउंड्रीतून मुजावरभाऊंनी आणला
सुकरा माडकामी, मलकानगिरीचा, वय बावीस,
पापण्यांत साच्याची काळी वाळू.
भट्टीसमोर उभा राहून कुडकुडत होता म्हणे.
काचेवर त्याच्या तांबड्या पेशींत
बारीक अंगठ्या, कुठं एकीत दोन-दोन.
फॅल्सिपॅरम.
पाकीट फोडलं, पहिला डोस डोळ्यांदेखत,
आणि बोटाचे आणखी तीन थेंब गाळणकागदावर.
वाळल्यावर चहाचे डाग वाटतात.
सिलिकाची पुडी, नंबर, तारीख, पुण्याला रवाना.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं:
पाचशे चाळिसाव्या जागी
ए ए ए असायचं तिथं
जी ए ए.

ए ए ए, म्हणजे आमच्या गल्लीत
कुणी कुणाला हाक मारावी तसं.
आता म्हणतोय, जी.
एकदम आदबशीर झालाय गडी.
जोडगोळीतलं एक औषध नेमकं ह्याच खणात बसायचं,
खण जरा तिरका झाला, आता ते कडेवरनं घसरतं.

ध चा मा म्हणावं, तर आनंदीबाई कुठं आहे इथं?
नक्कल उतरवताना कुठंतरी बोट चुकलं,
औषधानं बाकीचे निवडून मारले,
चुकलेला तेवढा उरला, वाढला.
त्याच्या लेखी ही चूकच नाही.

पैलवानाचा अ गेला, पैलवान पडला.
ह्याचा ए गेला
आणि हा

नाही, इथं थांबायला हवं.
एका अक्षरावरनं मजकूर सांगू नये, आबा म्हणायचे.
पाकिटातलं दुसरं औषध अजून चालतंय.
सुकराचा ताप तिसऱ्या दिवशीच उतरला होता.

"बरा झाला ना? मग एवढी लिखापढी कशाला?"
साहेब विचारतात.
मी सांगते, दहा डागांत तीन 'जी' निघाले, साहेब,
पुढच्या वर्षी किती निघतात ते बघायचंय.
हे पुस्तकाच्या शेवटी डकवलेल्या चिटोऱ्यासारखं आहे:
पान अमुक, ओळ तमुक,
असे ऐवजी असे वाचावे.
छापलेलं त्यानं बदलत नाही.
पण पुढची आवृत्ती काढणाऱ्याला
नंतर म्हणता येत नाही, मला ठाऊक नव्हतं.
साहेबांनी सही केली. पेन माझंच घेतलं, परत दिलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सुकरा आला, नवा शर्ट घालून.
काच स्वच्छ. दोनदा बघितली.
मग नोंदवहीत त्याचं नाव शोधू लागले, तर सापडेना.
फाउंड्रीच्या हजेरीवरनं कुणीतरी उतरवलं होतं:
'सुखदेव माडकर'.
महिनाभर तो त्याच नावानं बरा होत होता.

मी एक रेघ मारली, शेजारी लिहिलं,
वही त्याच्याकडे वळवली.
वाचता येत नाही, म्हणाला.
मग बोट ठेवून मोठ्यानं वाचलं,
सु. क. रा.
मा. ड. का.
'मी'वर त्यानं मान हलवली,
आणि माझ्या बोटाखालची शाई अजून ओली होती.